छज्जा रिकामा नाही

सव्वीस वर्षं मी या बंदर-ऑफिसच्या भिंतीवर लटकतेय. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, बाजूला बादली. सात मजले, एकशे बारा खिडक्या आणि मागची भिंत सरळ समुद्रात उतरलेली. आतल्या लोकांना वाटतं, ही बाई बाहेरून काचा पुसते. पण काच दोन्ही बाजूंनी दिसते हो. कोण झोपलंय, कोण नखं कापतंय, कोण आरशात बघून रागावायची तालीम करतंय, सगळं मला पाठ आहे. त्यामुळे या इमारतीत माझ्याशी सहसा कोणी वाकडं बोलत नाही.

माझ्या भावाचा मुलगा इथेच मोठ्या साहेबांचा असिस्टंट आहे. वय अडतीस, पोट त्याहून मोठं. तो मला आत्या म्हणतो, म्हणून सगळं ऑफिस मला आत्या म्हणतं. मोठे साहेब माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, तेही आत्याच म्हणतात.

भानगड सुरू झाली कबुतरांमुळे. मोठ्या साहेबांची केबिन सहाव्या मजल्यावर, समुद्राकडे. खिडकीखाली रुंद छज्जा, इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर कबुतरं रांगेने बसून साहेबांचं कामकाज बघायची आणि बघून झालं की काचेवर अभिप्राय द्यायची. साहेब वैतागले. त्यांनी खरेदीवाल्याला बोलावलं आणि सांगितलं, ‘कबुतरांना धाक बसेल असं काहीतरी मागव.’

खरेदीवाल्याने मागणीपत्रात लिहिलं, ‘मोठ्या चोचीचे, रागीट चेहऱ्याचे पक्षी, पुतळे, नग तीस.’ त्याच्या मनात गरुड होता. पण मनातलं कागदावर उतरायचं राहिलं. खोकी आली, आत तीस पांढरेशुभ्र पक्षी. बदकापेक्षा मोठे, डोकं पिवळसर, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, आणि निळेगार डोळे असे की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटावं.

‘हा गरुड आहे?’ मी विचारलं.

‘राग दिसतोय ना चेहऱ्यावर?’ खरेदीवाला म्हणाला. ‘मग झालं तर.’

सोबत एक माहितीपुस्तिका होती, कुठल्या तरी परक्या भाषेत. ती खरेदीवाल्याच्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली गेली. एक स्पीकरही होता, तो सुरू केला की ‘अर्रा, अर्रा, अर्रा’ असा भांडण पेटल्यासारखा आवाज यायचा. तो साहेबांना फार आवडला. मी तीसच्या तीस पुतळे छज्ज्यावर बसवले. काम करायचं तर नीट करायचं, म्हणून काचा पुसायच्या रबरी पट्टीचा दांडा मापाला घेतला आणि दोघांत बरोबर एक दांडा अंतर ठेवलं.

कबुतरं दोन दिवस बिचकली. तिसऱ्या दिवशी पुतळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली. आधी नुसता छज्जा होता, आता खुर्च्या मिळाल्या.

नवव्या दिवशी मी पुतळ्यांवरची धूळ झटकत होते. एक, दोन, तीन करत शेवटाला आले, एकतिसाव्याला फडकं लावलं आणि एकतिसाव्याने माझा हात धरला.

चोचीच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, हे मला तेव्हा कळलं. तीन ओरखडे अजून मनगटावर आहेत. मी किंचाळले, तोही किंचाळला, आणि स्पीकर तर किंचाळतच होता.

धक्क्यावरच्या बाकावर रोज एक निवृत्त मास्तरीणबाई दुर्बीण घेऊन बसतात. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आता समुद्राची हजेरी घेतात. खाली उतरून मी त्यांना मनगट दाखवलं. त्यांनी दुर्बीण लावली आणि बाई बाकावरून उठून उभ्याच राहिल्या.

‘गॅनेट! अगं, हे उंच कड्यांवर घरटं करणारे पक्षी. आणि ते पुतळे त्यांना पळवायला नसतात, बोलवायला असतात! नवी वस्ती वसवायची असली की असे पुतळे मांडतात, वर आवाज लावतात. त्याला वाटलं, इथे आधीच तीस बिऱ्हाडं आहेत, म्हणजे जागा चांगली असणार.’ मग म्हणाल्या, ‘आणि अंतर कोणी मोजलं गं? शेजाऱ्याची चोच पोचणार नाही एवढंच अंतर हे पक्षी ठेवतात. अगदी एवढंच.’

माझा दांडा, म्हटलं. मला उगाच अभिमान वाटला.

चार दिवस त्या नराने सतरा नंबरच्या पुतळ्याला मागणी घातली. समुद्री शेवाळ आणून तिच्या पायाशी ठेवायचा, मान झुकवायचा, चोच वर करून बघायचा. सतरा नंबर ढिम्म. आमच्या ऑफिसात अर्ज घेऊन येणाऱ्या माणसासारखी त्याची अवस्था झाली. पाचव्या दिवशी खरीखुरी मादी आली आणि दोघांनी समोरासमोर उभं राहून चोचीवर चोच अशी घासली, जशा दोन तलवारी. मग घरटं सुरू झालं. शेवाळ, जाळ्याचे तुकडे, माझा हरवलेला पिवळा हातमोजा. एके दुपारी उकडत होतं म्हणून साहेबांनी टाय काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवला. नराने तो उचलला, दोनदा झटकला आणि घरट्यात पायाभरणीला घातला. वर विष्ठेचा गिलावा. सिमेंट काय घट्ट बसेल असा बसला.

साहेब खिडकीतून ओरडले, ‘आत्याबाई, माझा टाय!’

‘लागलाय कामाला,’ मी म्हटलं.

एकच अंडं झालं. ते पोटाखाली घेत नाहीत हो, पायाखाली घेतात. पडद्यासारखे पाय अंड्यावर ठेवून उभे. एकाला निघायचं असलं की तो आधी मान लांब करून चोच सरळ आभाळाकडे धरतो. म्हणजे, मी निघतोय, तू थांब. असं सांगितल्याशिवाय जायचं नाही. आमच्याकडे जेवायला गेलेला माणूस चारला उगवतो आणि टेबलावर कोण आहे म्हणून विचारलं तर त्याची पाण्याची रिकामी बाटली.

आणि ती बुडी! मी चौथ्या मजल्यावर लटकलेली असताना पहिल्यांदा जवळून बघितली. वर गिरक्या घेणारा पक्षी एकदम थबकला, पंख मागे दुमडले आणि दगडासारखा माझ्या मागून खाली गेला. वाऱ्याने माझी बादली हलली. पाण्यात शिरताना एवढासाच शिंतोडा, जणू समुद्राला टाचणी टोचली. मास्तरीणबाई म्हणाल्या, चेहऱ्याच्या आणि छातीच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात म्हणून पाणी लागत नाही, बाहेरून नाकपुड्याच नसतात. मला एवढंच कळलं की सव्वीस वर्षं मी पडू नये म्हणून दोरी बांधतेय, आणि हा पोट भरायला दिवसातून दहादा पडतो.

पिल्लू निघालं तेव्हा काळं, उघडं, जुन्या रबरी हातमोज्यासारखं. मग पांढरा कापूस फुटला. आईबापाच्या घशात अख्खं डोकं घालून मासा ओरबाडून खायचं. सत्तराव्या दिवसापर्यंत आईबापाहून जाड झालं, कापसातून काळपट ठिपक्यांची पिसं डोकावायला लागली, आणि नेमका तेव्हा इमारतीला पन्नास वर्षं झाल्याचा सोहळा ठरला.

समुद्राकडची भिंत आठ दिवसांत प्रेशरच्या मशीनने धुवायची, अठराव्या दिवशी समोरच्या धक्क्यावर पाहुणे बसतील आणि भिंत बघतील. मी पळत मास्तरीणबाईंकडे गेले.

‘नव्वद दिवसांच्या आसपास ते आपणहून उडी मारेल,’ त्या म्हणाल्या. ‘एकदाच. आईबाप सोबत जात नाहीत. त्याआधी पाडलं, तर अंगावर कापूस आहे, भिजेल आणि बुडेल.’

सत्तर आणि आठ, अठ्ठ्याहत्तर. मशीन चालू झालं की संपलं.

आता आमच्याकडे एक कागद आहे. मशीन चालू करण्याआधी दोरीवर काम करणाऱ्या प्रमाणपत्रधारकाने स्वतः भिंतीवरून उतरून बघायचं आणि सही करायची, ‘भिंतीवर माणूस, प्राणी अथवा सैल वस्तू नाही.’ सव्वीस वर्षं मी त्यावर न वाचता सही करत आले. या वेळी वाचला. भाच्याला म्हटलं, ‘प्राणी आहे.’

‘आत्या, असं काय करतेस! तो पक्षी आहे.’

‘बाईंना विचार जाऊन, पक्षी प्राण्यांत येतो का.’

‘बरं, मग आपण त्याला सैल वस्तू दाखवू. सैल वस्तू असेल तर बांधून ठेवता येते, नियमात आहे.’

‘जा, बांधून ये. माझं मनगट बघून जा.’

संध्याकाळी तो घरी आला. चहा घेतला, बिस्किटं संपवली, माझी तब्येत विचारली. मला वाईट बातमीचा वास आला. ‘साहेब म्हणतात, तुझं वय झालंय. दोरीवरून काढून स्टोअरमध्ये बसवतील.’

दुसऱ्या दिवशी साहेबांनीच बोलावलं. ‘आत्याबाई, उद्यापासून खाली. झाडूंवर नंबर घालत बसा.’

‘घालते. पण कागदावर सही कोण करणार? त्याला आधी भिंतीवर यावं लागतं.’

साहेबांनी खिडकीतून खाली बघितलं. सहा मजले आणि समुद्र. ते दोन पावलं मागे सरकले. मग त्यांचं लक्ष भाच्याकडे गेलं. एकोणीस वर्षांपूर्वी मीच त्याला दोरीकामाच्या पाच दिवसांच्या वर्गात बसवलं होतं. त्याशिवाय नोकरी लागत नव्हती. पाचही दिवस तो जमिनीवर उभा राहून दोरीच्या गाठी मारत होता. पण प्रमाणपत्र खरं होतं, शिक्क्याचं, फोटोसकट. फोटोत तो बारीक होता.

‘तुम्ही उतरा,’ साहेब त्याला म्हणाले. ‘बघा, आणि सही करा.’

मीच त्याला पट्टा बांधला. शेवटच्या भोकातही बसेना, दोन पट्टे जोडले. ‘एकच लक्षात ठेव,’ म्हटलं, ‘खाली सरकायचं हँडल हलक्या हाताने दाबायचं. घाबरून मूठ आवळलीस की ब्रेक लागतो.’

‘मी कशाला घाबरू?’ असं म्हणून तो गच्चीच्या कडेवरून खाली गेला आणि दीड मजला उतरल्यावर त्याने मूठ आवळली.

कुठे? बरोबर घरट्यासमोर. साहेब आतून काचेला नाक लावून बघत होते, भाचा बाहेर तरंगत होता आणि मधे पिल्लू.

‘मूठ सोड!’ मी वरून ओरडले.

‘सुटत नाही, आत्या!’

‘मग बोटं मोज एकेक!’

‘मला आकडे आठवत नाहीत!’

दुसरी दोरी लावून मला खाली यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात नर परतला. त्याने बघितलं, छज्ज्यासमोर एक नवा शेजारी, जाडजूड, पांढरं हेल्मेट, अजिबात हालचाल नाही. त्याला पुतळ्यांची सवय झालेलीच होती. त्याने मान वर केली आणि भाच्याच्या हेल्मेटवर चोच घासली. खट, खट, खट. भाच्याने डोळे मिटले. पिल्लाने बापाच्या घशात डोकं खुपसलं, ओढाताण झाली आणि अर्धा मासा भाच्याच्या मांडीवर पडला. मग नराने त्याच्या गळ्यातली ओळखपत्राची फीत चोचीत धरली, झटकली, ओढून तोडली आणि टायच्या शेजारी व्यवस्थित रचली. शेवटी दोन पावलं मागे जाऊन चोच सरळ आभाळाकडे धरली आणि उडून गेला.

मी पोचले तर भाच्याच्या डोळ्यांत पाणी.

‘लागलं का रे कुठे?’

‘आत्या,’ तो हळूच म्हणाला, ‘तो मला सांगून गेला गं. चोच वर केली ना? पिल्लाकडे बघ म्हणून सांगून गेला.’

मी त्याच्या मांडीवरचा मासा उचलून घरट्यात ठेवला.

वर आल्यावर साहेबांनी त्याच्यापुढे कागद धरला. भाच्याने पेन घेतलं. एकोणीस वर्षांत या माणसाने साहेबांना नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी गोड चहाला कडू म्हटलं तर हा तोंड वाकडं करायचा. त्याने कागदावर लिहिलं, ‘भिंतीवर प्राणी आहे. स्वतः पाहिला.’ खाली सही केली, स्वच्छ वाचता येईल अशी.

साहेबांचा चेहरा तीस पुतळ्यांसारखा झाला. पण माणूस मोठा असाच होत नाही, डोकं चालतं त्यांचं. ‘ठीक आहे. धुवायची नाही ना? मग झाका.’ त्यांनी एक मोठं कापड छापायला सांगितलं. गच्चीपासून पाचव्या मजल्यापर्यंत. त्यावर स्वतःचा हसरा चेहरा. सोहळ्यात दोरी ओढली की वरून उलगडत खाली येईल आणि भिंत दिसणारच नाही.

‘आणि पिल्लू?’ मी विचारलं.

‘ते मागे राहील. त्याला कोण काय करतंय?’

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. कापड वाऱ्याने सारखं आपटत राहणार. पिल्लू अठ्ठ्याऐंशी दिवसांचं असेल, पंख फडफडवून बघायचे दिवस. त्याला आपटून पाडेल, नाहीतर आत कोंडून ठेवेल. उडीची वेळ एकदाच येते.

कापड टांगायला दोरीवाली हवीच होती. म्हणून स्टोअरमधून मला परत वर काढलं, तेवढ्यापुरतं. गच्चीवर मी ते पसरलं आणि दांड्याने मोजलं. कठड्यापासून घरट्यापर्यंत किती, डाव्या कडेपासून किती. जिथे घरटं येत होतं तिथे कात्रीने दोन हात रुंद भोक पाडलं आणि गुंडाळी परत बांधून ठेवली. आता तिथे साहेबांचं तोंड होतं, ही माझी चूक आहे का? नाक आलं असतं तर नाक कापलं असतं. भाचा शेजारी उभा होता. मला वाटलं, अडवतोय आता. तो खाली बसला, कापड ताणून धरलं आणि म्हणाला, ‘वरचे दातही काढ, आत्या. त्याला पंख उघडायला जागा लागेल.’

सोहळ्याच्या दिवशी वारा समुद्राकडून होता. धक्क्यावर खुर्च्या, पाहुण्या म्हणून एक वयस्क बाई, कुठल्याशा मोठ्या पदावरच्या. कापडाची खालची टोकं बांधायला मी पाचव्या मजल्यावर लटकलेली. साहेबांनी माईकवर सांगितलं, ‘ही इमारत म्हणजे शिस्त,’ आणि दोरी ओढली.

कापड सळसळत खाली आलं. वाऱ्याने ते भिंतीवर दाबलं आणि छज्ज्यावरचे तीस पुतळे आतून वर आले. साहेबांच्या या गालापासून त्या गालापर्यंत गळवांची रांग. मधोमध मोठ्ठं उघडं तोंड, वरचे दात नाहीत, आणि तोंडात पिल्लू.

धक्क्यावर कोणी हललं नाही. खरेदीवाल्याने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि तसेच ठेवले.

पिल्लू कडेला आलं. कापूस जवळजवळ गेला होता, मानेवर थोडा राहिला होता, न पुसलेल्या साबणासारखा. त्याने पंख उघडले, मिटले, उघडले. माझ्या डोक्यावर दोन हातांवर. मला त्याचे पाय दिसत होते, बोटांवरच्या हिरवट रेघांसकट. खाली माईकवर साहेब सांगत होते, ‘तांत्रिक अडचण आहे, तांत्रिक अडचण आहे.’ एका झुळकीने कापड फुगलं. पिल्लू धडपडलं, मागे आत गेलं. मी एका हाताने कापडाची कड धरून अंगाखाली दाबली. दोरी कमरेला काचत होती. सव्वीस वर्षांत एवढी काचली नाही.

‘मार की उडी,’ मी म्हटलं. ‘मी धरलंय.’

ते पुन्हा पुढे आलं. खाली बघितलं. मग साहेबांच्या तोंडातून बाहेर पडलं.

उडणं नाहीच ते. आडवंतिडवं, पंख ताठ, लठ्ठ अंग घेऊन कोसळत गेलं, अगदी शेवटी कसंबसं सावरलं आणि धक्क्याजवळच पाण्यावर धप्पकन आदळलं. पहिल्या रांगेवर पाणी उडालं. क्षणभर काहीच दिसेना. मग लाटेच्या मागून एक काळपट डोकं वर आलं. त्याने मान झटकली, भिंतीकडे पाठ केली आणि पाय मारत मोकळ्या समुद्राकडे निघालं. मागे वळून बघितलं नाही. मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, आठ-पंधरा दिवस त्याला पाण्यावरून उठताच येणार नाही, अंगातल्या चरबीवर जगेल. पण भिजलं नाही, बुडलं नाही.

पाहुण्या बाई सगळ्यात आधी हसल्या. मोठ्याने, पोट धरून. मग त्या उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या, तेव्हा सगळ्यांनाच उभं राहावं लागलं. साहेबांनाही. आपल्याच तोंडातून निघालेल्या गोष्टीला माणूस टाळ्या वाजवताना मी पहिल्यांदा बघितला.

चार दिवसांनी भाचा स्टोअरमध्ये आला. मी झाडूंवर नंबर घालत होते, छप्पन्नपर्यंत पोचले होते. त्याच्या हातात तोच कागद, कोरा.

‘साहेब म्हणतात, आता तर पिल्लू गेलं. आता भिंत बघा आणि सही करा. उद्या मशीन.’

मी झाडू ठेवला, पट्टा बांधला आणि उतरले. भाचाही उतरला, दुसऱ्या दोरीवर. या वेळी हँडल हलक्या हाताने दाबलं त्याने. घरट्याशी आलो तर नर आणि मादी समोरासमोर उभे, चोचीवर चोच, खट खट खट. पिल्लू गेलं तरी ते अजून कित्येक आठवडे जागा सोडत नाहीत, आणि पुढच्या वर्षी परत याच घरट्यात येतात, हे मास्तरीणबाईंनी सांगून ठेवलेलं होतंच.

मी कागद गुडघ्यावर धरून लिहिला. माणूस, दोन, दोरीवर. प्राणी, दोन, राहते. मग सैल वस्तूंच्या रकान्यापाशी थांबले आणि बोटाने साहेबांचा टाय ओढून बघितला. हलेना.

‘सैल वस्तू नाही,’ असं लिहून सही केली. खाली भाच्याने केली.